गिटारवर कॉर्ड वाजवताना नको असलेली तार गप्प कशी ठेवायची

कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) चित्रात वरती काही तारांवर गोल असतो आणि काहींवर फुली. गोल म्हणजे ती तार मोकळी, न दाबता वाजवायची हे सगळ्यांना लगेच कळतं, पण फुलीकडे, म्हणजे ती तार वाजवायचीच नाही याकडे, सुरुवातीला कोणी बघतच नाही. मीही नाही बघितलं. कितीतरी महिने मी डी मेजर सहाही तारांवरून धाडधाड वाजवत होतो आणि मला वाटायचं की आपल्या गिटारचा आवाजच गढूळ आहे, तारा बदलल्या, ट्यूनिंग पुन्हा पुन्हा केलं, आणि कारण होतं वरची जाड ई तार जी वाजायलाच नको होती. ती तार ज्या दिवशी पहिल्यांदा नीट बंद झाली त्या दिवशी तीच गिटार वेगळी वाटली, म्हणून हे सगळं एवढं सविस्तर लिहितोय.

आधी नावं ठरवून घेऊ. सर्वात बारीक तार पहिली, सर्वात जाड सहावी. कॉर्ड लिहिताना मी सहावीपासून पहिलीकडे जाणार, म्हणजे सी मेजर असा: फुली-३-२-०-१-०. आकडा म्हणजे ती तार कितव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरात) दाबायची, शून्य म्हणजे मोकळी. डावा हात फ्रेटवर आणि उजवा स्ट्रमवर (तारांवरून एकदम हात फिरवायला) असं धरलंय, डावखुऱ्यांनी उलट समजा.

"तिथून स्ट्रमच करू नको" एवढ्याने का भागत नाही

बरेच जण सांगतात की फुली असलेली तार फक्त टाळायची, डी वाजवताना चौथ्या तारेपासून स्ट्रम सुरू करायचा. सल्ला चुकीचा नाहीये, हे जमायलाच हवं. पण फक्त त्यावर राहिलात तर दोन अडचणी येतात. एक म्हणजे गाणं जोरात आलं, हात मोकळा सुटला की प्लेक्ट्रम (तारा छेडायचा छोटा चपटा तुकडा) एखाद्या तरी वेळी जाड तारेला लागणारच, विशेषतः अपस्ट्रोक (खालून वर मारलेला स्ट्रम) संपवून हात वर जातो तेव्हा. आणि दुसरी, तार न छेडताही वाजते. शेजारच्या तारांचे सूर तिच्या स्वतःच्या स्वराशी किंवा त्याच्या पटींशी जुळले की ती आपोआप थरथरायला लागते. करून बघा: पाचवी तार मोकळी सोडून फक्त पहिली तार मोकळी छेडा आणि लगेच पहिलीवर बोट ठेवून बंद करा. पाचवीतून एक बारीक ई ऐकू येईल. ए ची तिसरी पट म्हणजे ई, म्हणून. इलेक्ट्रिक गिटारवर डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावलं की हे असले बारीक आवाज फुगून मोठे होतात, तिथे तर न वाजणारी प्रत्येक तार कुठल्यातरी बोटाखाली असावीच लागते.

म्हणजे तार टाळायची आणि शिवाय तिला शिवूनही ठेवायचं. दोन्ही.

सगळ्या फुल्या सारख्या नसतात

हे आधी कळलं तर कुठे जीव ओतायचा ते कळतं. सी मेजरमध्ये स्वर सी, ई, जी. जाड ई तार चुकून वाजली तर ती कॉर्डबाहेरची नाही, फक्त तळाला सी च्या ऐवजी ई येतो आणि कॉर्ड जरा अधांतरी वाटतो. ए मेजरमध्ये पण ई आहेच, तिथे जाड ई वाजली तर बऱ्याच गाण्यांत चालूनही जातं. पण डी मेजर म्हणजे डी, एफ शार्प, ए. त्यात ई नाहीच! आणि ती जाड ई साधारण ८२ हर्ट्झवर, कॉर्डचा तळाचा डी १४७ हर्ट्झवर, म्हणजे परका स्वर थेट पायाखाली येऊन बसतो. बी मायनर, बी सेव्हन यांचंही असंच काहीसं. डी मध्ये पाचवी तार मात्र मोकळी वाजली तर बिघडत नाही कारण ए त्यातलाच. चित्रात दोन फुल्या असतील तरी पहिल्यांदा सहावीचा बंदोबस्त करा, पाचवीचं नंतर बघू.

अजून एक, ज्याकडे फार कमी लोक लक्ष देतात: जी मेजर, ३-२-०-०-०-३. यात फुली नाहीये पण तळाला जी (९८ हर्ट्झ) आणि त्याच्या अगदी जवळ बी (साधारण १२३) एकत्र वाजतात. एवढ्या खाली दोन सूर इतके जवळ आले की ते घोगरे होतात. म्हणून अनेक वादक मुद्दाम पाचवी तार बंद करतात, ३-फुली-०-०-३-३. दोन्ही वाजवून शेजारी शेजारी ऐका, मला तरी दुसराच जास्त स्वच्छ वाटतो.

पहिली पायरी: दाबणं आणि टेकणं

कॉर्ड बाजूला ठेवा. डाव्या हाताची चारही बोटं सहाही तारांवर आडवी टेकवा, नुसती टेकवा, आणि उजव्या हाताने स्ट्रम करा. "चक् चक्" असा कोरडा आवाज यायला हवा, कुठलाही सूर नको. सूर आला तर तुम्ही दाबताय. "टिंग" असा घंटीसारखा आवाज आला तर तो हार्मोनिक, आणि याचं कारण समजून घ्या कारण पुढे हे खूप छळतं. तारेच्या बरोबर निम्म्यावर (१२ वा फ्रेट), एक तृतीयांशावर (७ वा), एक चतुर्थांशावर (५ वा) बोट हलकं टेकलं तर तार बंद न होता त्या जागेच्या दोन्ही बाजूंना वाटून घेऊन वाजत राहते. एकाच बोटाने, एकाच जागी, नेमकं त्या फ्रेटच्या पट्टीवर टेकलं की हे हमखास होतं. उपाय सोपा आहे, दोन वेगवेगळ्या जागी टेका, किंवा बोट थोडं सरकवा, किंवा टोकाऐवजी बोटाचा मांसल भाग लावा.

हे पाच मिनिटं करा, वेगवेगळ्या फ्रेटवर. हाताला "किती हलकं" हे कळलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

दुसरी पायरी: बोटाचं टोक शेजारच्या जाड तारेला

ही सगळ्यात उपयोगी युक्ती, आणि यात नवीन बोट लागत नाही, जे बोट आधीच तिथे आहे तेच दोन कामं करतं. नटपाशी (नेकच्या, म्हणजे गिटारच्या दांड्याच्या, टोकाची खाचांची पट्टी) दोन तारांमधलं अंतर जेमतेम ७ मिमी असतं, आपल्या बोटाचं टोक त्याहून बरंच रुंद. म्हणजे बोट शेजारच्या तारेला लागणं हे स्वाभाविकच आहे, सुरुवातीला आपण त्याला चूक समजून टाळत असतो, आता तेच मुद्दाम योग्य बाजूला करायचं.

सी मेजर धरा. अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर आहे. आता ती किंचित, म्हणजे खरंच एखादा मिलिमीटर, वर ढकला, सहाव्या तारेच्या दिशेने, जोपर्यंत टोकाची कड सहावीला शिवत नाही. पाचवी अजूनही नीट दाबलेली हवी. मग सहावी एकटी छेडा: "टक्". पाचवी छेडा: स्वच्छ सी. मग चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. इथे हमखास काय होतं, बोट वर सरकवताना मनगट वळतं आणि दुसरी किंवा पहिली तार दबते. तसं झालं तर कोपर जरा शरीरापासून लांब न्या आणि बोटांची पेरं पुन्हा उभी करा. डाव्या हाताची नखं वाढलेली असतील तर हे जमणारच नाही, टोक टेकण्याआधी नख टेकतं, त्यामुळे नखं कापून बसा.

बी सेव्हन (फुली-२-१-२-०-२) मध्ये हेच काम मधलं बोट करतं. बी मायनरमध्ये (फुली-२-४-४-३-२) तर्जनीचा बार (एकच बोट आडवं ठेवून अनेक तारा दाबणं) पाचव्या तारेपर्यंतच न्यायचा आणि तिचं टोक सहावीला नुसतं टेकलेलं ठेवायचं. खूप जण बार पूर्ण सहाही तारांवर दाबतात, त्याने सहावीवर एफ शार्प वाजतो जो बी मायनरमध्ये आहेच, म्हणून कानाला फार खटकत नाही, पण तळाचा बी हरवतो आणि हातही उगाच दमतो.

हाच बी मायनरचा किंवा ए च्या आकाराचा बार वर नेला की मघाचा हार्मोनिक समोर येतो. पाचव्या फ्रेटला डी मेजर (फुली-५-७-७-७-५) धरला की तर्जनीचं टोक सहाव्या तारेला बरोबर पाचव्या फ्रेटच्या आसपास लागतं आणि "टिंग". सातव्या फ्रेटलाही तसंच. मला हे का होतंय ते बरेच दिवस कळत नव्हतं, दुसऱ्या फ्रेटला छान बंद होणारी तार इथेच का बोलते म्हणून. अशा ठिकाणी अंगठाही वरून टेकवा, म्हणजे दोन जागी स्पर्श झाला, प्रश्न मिटला.

तिसरी पायरी: अंगठा

डी मेजर (फुली-फुली-०-२-३-२) मध्ये तिन्ही बोटं बारीक तारांवर असतात, सहावीच्या जवळ कोणीच नाही. तिथे अंगठा नेकच्या वरून आणून सहावीला टेकवायचा. दाबायचं नाही, अंगठ्याच्या टोकाचा बाजूचा मांसल भाग नुसता लागला पाहिजे. यासाठी तळहात नेकला जरा जवळ येतो, मधे थोडीशी पोकळी राहू द्या नाहीतर बोटं आडवी पडून पहिली तार बंद होईल.

जमत नसेल तर आधी गिटार कशी धरलीय ते बघा. नेक जमिनीला समांतर किंवा खाली झुकलेला असेल तर अंगठा वर यायला मनगट फार मोडावं लागतं, नेकचं टोक थोडं वर उचला, पट्टा जरा आखूड करा. क्लासिकल गिटारचा नट साधारण ५२ मिमी रुंद असतो आणि स्टील तारांच्या गिटारचा साधारण ४३, त्यामुळे क्लासिकलवर लहान हाताच्या माणसाचा अंगठा पोहोचतच नाही आणि त्या गिटारच्या बैठकीत अंगठा मागेच ठेवायचा असतो. मग हट्ट करू नका, त्यासाठी उजवा हात आहे, खाली सांगतो. दुखायला लागलं तर थांबा, ताण आणि कळ यातला फरक आपल्याला कळतो.

अंगठा एकदा बसला की त्याची खरी मजा कॉर्ड बदलताना येते. डी, ए, ए मायनर, सी, डी मायनर, या सगळ्यांत सहावी बंदच हवी. मग अंगठा कशाला उचलायचा? तो तिथेच ठेवून फक्त बोटं बदला. ई किंवा जी आला की मात्र आठवणीने सोडायचा.

आणि अंगठा दाबूही शकतो. डी मेजरच्या तळाला एफ शार्प हवा असेल तर २-फुली-०-२-३-२, अंगठा सहावी दुसऱ्या फ्रेटवर दाबतो आणि त्याचंच टोक पुढे येऊन पाचवीला शिवून ती बंद करतं. एफ मेजरचा बार जड जातो त्यांच्यासाठी १-फुली-३-२-१-१, अंगठा सहावीवर, तर्जनीचा छोटा बार दोन बारीक तारांवर, आणि चौथ्या तारेवरच्या अनामिकेचं टोक पाचवीला टेकलेलं. रॉक गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सच्या वाजवण्यात हा अंगठा सारखा दिसतो, त्यामुळे करंगळी मोकळी राहते आणि कॉर्डच्या आतल्या आत छोटे सूर काढता येतात.

चौथी पायरी: बोटाचा पोटाकडचा भाग, मधली तार बंद करायला

आतापर्यंत कडेची तार होती. मधली तार बंद करणं जरा वेगळं आहे कारण स्ट्रम तिच्यावरून जाणारच, टाळायचा पर्यायच नाही. इथे बोट उभं न ठेवता थोडं लोळवायचं, म्हणजे टोक एक तार दाबतं आणि बोटाचं पोट पुढच्या बारीक तारेला लागतं.

मघाचा जी घ्या, ३-फुली-०-०-३-३. सहावीवरचं बोट, मी मधलं वापरतो, जरा आडवं करा म्हणजे त्याचं पोट पाचवीला लागेल. चौथीला लागता कामा नये, ती मोकळी वाजायची आहे. हा तोल पहिल्या दिवशी येत नाही. बोट फार आडवं झालं की चौथी मरते, फार उभं झालं की पाचवी बोलते, मधली जागा सापडेपर्यंत सहावी-पाचवी-चौथी या तीनच तारा हळूहळू छेडत बसा: सूर, टक्, सूर. बाकी कॉर्ड नंतर.

सगळ्यात चांगला व्यायाम म्हणजे ऑक्टेव्ह, म्हणजे एकच स्वर दोन सप्तकांत एकत्र. फुली-५-फुली-७-फुली-फुली. तर्जनी पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटला, तिचं टोक सहावीला टेकलेलं, पोट चौथीला टेकलेलं. अनामिका किंवा करंगळी तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला आणि ती आडवी पडून दुसरी आणि पहिली बंद करते. चार तारा बंद, दोन वाजतायत, आणि आता सहाही तारांवरून बिनधास्त स्ट्रम करा, फक्त दोन डी ऐकू यायला हवेत. हा आकार तसाच धरून वरखाली सरकवत एखादी ओळखीची चाल काढा. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीने अशाच ऑक्टेव्हमध्ये अख्खे सोलो वाजवलेत, ते ऐकलंत तर ही युक्ती कुठपर्यंत जाऊ शकते ते कळेल. माझं मत विचाराल तर रोज करायला एकच व्यायाम निवडायचा झाला तर हाच, कारण टोक आणि पोट दोन्ही एकाच वेळी शिकतात.

मग चार सुरांचे जॅझ कॉर्ड घ्या. जी मेजर सेव्हन, ३-फुली-४-४-३-फुली: मधलं बोट सहावीवर (पोटाने पाचवी बंद), अनामिका चौथीवर, करंगळी तिसरीवर, तर्जनी दुसरीवर आणि तीच जरा आडवी होऊन पहिली बंद करते. जी मायनर सेव्हन, ३-फुली-३-३-३-फुली: मधलं बोट तसंच, अनामिकेचा छोटा बार चौथी-तिसरी-दुसरीवर. हे आकार कुठेही सरकवता येतात कारण यात मोकळी तार एकही नाही. गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये आले आणि जवळपास ५० वर्षं अशाच कॉर्डवर ठेका धरून वाजवत राहिले, बऱ्याचदा त्यातल्या एक-दोन तारांचाच सूर खणखणीत ऐकू येतो आणि बाकीच्या तारांची नुसती थाप.

उजवा हात

डाव्याचं पुरत नाही तिथे उजवा. ब्रिजपाशी (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात ती पट्टी) तळहाताची करंगळीकडची कड जाड तारांवर टेकवली की सहावी-पाचवी बंद, बाकीच्या मोकळ्या. ब्रिजपासून फार पुढे आलात तर सूर पूर्ण मरतो, अगदी ब्रिजवर ठेवलंत तर काहीच होत नाही, त्यातली जागा स्वतः शोधावी लागते. मोठ्या स्ट्रममध्ये मात्र हे टिकत नाही, हात उचलला की गेलं. बोटांनी वाजवणाऱ्यांना हा प्रश्न कमी येतो, ते हव्या तेवढ्याच तारा ओढतात, आणि रिकामा असलेला उजवा अंगठा सहावीवर टेकवून ठेवला की तिचं आपोआप थरथरणंही बंद.

सराव कसा लावायचा

रोज दहा मिनिटं पुरतात, पण कान पूर्ण लावून. एक कॉर्ड धरा, सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार छेडा आणि मनात म्हणा, सूर, टक्, सूर, सूर. जी तार चुकली ती का चुकली ते बोट बघून शोधा, लगेच पुढे जाऊ नका. मग मुद्दाम, फुलीकडे दुर्लक्ष करून, सहाही तारांवरून जोरात स्ट्रम. बरोबर वाजला तर तार खरंच बंद (म्यूट) झालीय, नाहीतर इतके दिवस स्ट्रमने सांभाळून घेतलं होतं. हाच स्ट्रम मी खरी परीक्षा मानतो.

त्यानंतर हात पूर्ण सोडा, मांडीवर ठेवा, पुन्हा कॉर्ड धरा आणि थेट स्ट्रम. दहा वेळा. पहिल्या प्रयत्नात बंद तार बंदच लागली पाहिजे, धरल्यावर बोटं हलवून दुरुस्त केलेली मोजायची नाही. मग मेट्रोनोम ६० वर लावून दोन कॉर्ड, चार चार ठोके, सी-डी किंवा डी-बी मायनर. वेग वाढवायची घाई करू नका, बदलताना मधे मोकळ्या तारांचा आवाज सुटतोय का ते ऐका, सुटत असेल तर बोटं उचलताना एकदम न उचलता आधी दाब सोडून क्षणभर टेकलेली ठेवा.

काही चुका सारख्या होतात त्या सांगतो. बंद करायच्या नादात जास्त जोर लावला की शेजारचा दाबलेला सूरही ताणला जाऊन किंचित चढा लागतो, कॉर्ड बेसूर वाटला तर ट्यूनर बघण्याआधी जोर कमी करून बघा. ए मेजरमध्ये चौथ्या तारेवरचं बोट उत्साहाने वर सरकून पाचवीला लागतं, आणि तिथे पाचवीच तर तळाचा सूर आहे, म्हणजे नको ती बंद झाली. आणि वाजवताना एक ऐकू येतं आणि नंतर ऐकताना दुसरंच असं होतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करून तेच गाणं ऐका, जुनं रेकॉर्डिंगही ठेवा. जिथे तळाला घूं असं काहीतरी कॉर्ड बदलल्यावरही रेंगाळतंय ती जागा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशीचा सराव फक्त त्या दोन कॉर्डच्या बदलावर करा.